मोठे टायर हवेत, पण घासायला नकोत

ह्या वेळच्या पत्रांत टायरच टायर आहेत, तेही सगळे पिकअपवाल्यांचे, आणि सगळ्यांचं दुखणं एकच: मोठा टायर टाकायचाय किंवा टाकलाय आणि तो कुठेतरी घासतोय. त्यामुळे बॅटरी, क्लच आणि एसीवाल्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, आज फक्त टायर.

प्रश्न: नमस्कार. माझ्या डबल कॅब पिकअपला कंपनीचे २६५/६५ आर१७ टायर आहेत, मला २८५/७० आर१७ टाकायचेत. एक मित्र म्हणतो आरामात बसतात, दुसरा म्हणतो घासणारच, आणि टायरवाला म्हणतो दोन इंचाचा लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, टाका म्हणजे टेन्शनच नाही. खरं कोणाचं?

उत्तर: तिघांचंही थोडं थोडं, कारण तिघं वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल बोलतायत. गाडी सपाट जागी चाकं सरळ करून उभी असेल तर २८५ चा टायर बऱ्याच मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये बसलेला दिसतो, हात घालून बघितलं तर जागाही दिसते, पहिला मित्र एवढंच बघून सांगतोय. घासतो तो स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, नाहीतर चाक खड्ड्यातून वर दाबलं गेल्यावर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकदम झाल्यावर, म्हणजे वळत वळत उतारावरून रस्त्यावर येताना वगैरे. त्यामुळे टायर बसतो का हा प्रश्नच अर्धा आहे, तो वळताना आणि वरखाली होताना कुठून कुठे जातो ते बघायचं असतं.

आधी आकडे करून टाकू. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे साइडवॉल त्या रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिम, इंचात. तुमच्या आत्ताच्या टायरचं बघा, २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२, रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा म्हणून दोनदा धरायचे, त्यात १७ इंचाचे ४३२ मिळवले की व्यास झाला ७७६ मिमी. तसंच २८५/७० चं केलं तर ८३१ येतात. फरक ५५ मिमीचा, म्हणजे चाकाच्या मध्यापासून चहूबाजूंनी २७ मिमी जास्त, आणि रुंदी २० ने वाढली म्हणजे १० आत, १० बाहेर.

आता खरी भानगड स्टेअरिंगची. गाडीकडे वरून बघताय असं समजा. डावीकडे वळताना डाव्या चाकाची पुढची बाजू बाहेर येते, बंपरच्या कोपऱ्याकडे, आणि मागची बाजू आत जाते, आणि तसं होताना टायरची बाहेरची कड सगळ्यात मागे येते. तिथे बहुतेक पिकअपमध्ये काय असतं, तर केबिन चेसीवर ज्याच्यावर टेकते तो माउंट, ज्याला बॉडी माउंट म्हणतात, त्याच्यापुढे चाकाच्या कमानीला आतून लावलेला प्लास्टिकचा लाइनर, आणि शेजारी दोन पत्रे जोडलेली उभी शिवण. उजवीकडे वळलं की उलटं, डाव्या चाकाची मागची बाजू बाहेर निघते आणि फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला भिडते, पुढची बाजू आत जाऊन अँटीरोल बारकडे (वळणात गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा) सरकते. ह्या सगळ्यात मोठ्या टायरला पहिला नडतो तो बहुतेक वेळा बॉडी माउंटचा कोपरा.

मी वही घेऊन चाक ३५ अंश वळलंय असं धरून हिशेब मांडला, की टायरची ती मागची कड कंपनीच्या टायरपेक्षा किती मागे जाईल. २६५/७० आर१७ टाकला तर साधारण ११ मिमी. २८५/७० टाकला पण रिम तेच ठेवलं तर २८. आणि २८५/७० बरोबर २० मिमीने कमी ऑफसेटचं (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येतंय) ते बाहेर आलेलं दमदार दिसणारं रिम घेतलं तर जवळजवळ ४०. म्हणजे शेवटच्या बारा मिमीला टायर जबाबदारच नाही, रिम आहे, पण शिव्या टायरला पडतात. प्रत्येक गाडीची भूमिती थोडी वेगळी, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नका, पण आपापसातलं प्रमाण असंच राहतं.

अजून एक माप ह्या हिशेबात घालून बघितलं, २५५/७५ आर१७. हा अरुंद पण उंच टायर, व्यास ८१४. गाडी जमिनीपासून १९ मिमी उंच होते, २६५/७० ने फक्त १३ होते, आणि वळल्यावर मागे किती जातो तर जेमतेम १३ मिमी. म्हणजे २८५ च्या बऱ्यापैकी जवळची उंची, पण घासायचा धोका २६५/७० इतकाच. दिसायला तो २८५ सारखा रुबाबदार दिसत नाही हे मान्य, पण दगडावरून गाडी काढायला उंची लागते, रुंदी नाही. मला विचाराल तर हाच घ्या, मिळत असेल तर.

लिफ्टचं राहिलं. लिफ्टने चाक बॉडीच्या तुलनेत खाली जातं, मागे-पुढे जवळजवळ काहीच नाही, आणि बॉडी माउंट असतो चाकाच्या मागे. वरच्या आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला, लागत होतं ते लिफ्टने रोजच्या चालवण्यात कमी होईल हे खरं. पण सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, वर येणारच, लिफ्ट असो नसो, स्टॉपची जागा तर तुम्ही हलवली नाहीये. उलट पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन) असेल तर लिफ्टने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं ते आळसावतं, हायवेला गाडी इकडेतिकडे बघायला लागते, सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट हे चाकाजवळचे सांधे जास्त तिरके चालतात ते वेगळंच. साधारण दोन इंचापर्यंत बहुतेक गाड्या कंपनीच्या वरच्या आर्मवर निभावतात, त्यापुढे वरचे आर्म बदलायची वेळ येते. लिफ्ट जरूर टाका, पण जड बंपर, विंच, खराब रस्ता अशा कारणांसाठी, टायर घासायचं औषध म्हणून नको.

म्हणून तुमच्यासाठी: २८५/७० च हवा असेल तर रिमचा ऑफसेट कंपनीचाच किंवा अगदी थोडा कमी ठेवा, मडफ्लॅप काढायची आणि लाइनर मागे दाबायची तयारी ठेवा, आणि चारही विकत घ्यायच्या आधी एकच टायर रिमवर चढवून, गाडीला लावून, फुल लॉक करून (स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून) बघू द्याल का असं टायरवाल्याला विचारा. नाही म्हणाला तर दुसरा टायरवाला बघा.

प्रश्न: माझ्या मित्राची आणि माझी गाडी सेम मॉडेल, सेम वर्ष, टायरचं माप पण सेम. त्याचे घासत नाहीत, माझे घासतात, तेही फक्त डावीकडे. असं कसं?

उत्तर: सेम माप लिहिलेलं असलं तरी टायर सेम नसतो. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये प्रत्यक्ष व्यास आणि रुंदी काही मिलिमीटरने वेगळी निघते, आणि त्यात मड टेरेन, म्हणजे चिखलाचा टायर, असेल तर खांदे चौकोनी आणि बाहेरून ठोकळे आलेले असतात, हायवे टायरचे खांदे गोल असतात. घासतो तो नेमका खांदाच. शिवाय मापात जी रुंदी लिहितात ती साइडवॉल ते साइडवॉल, ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली, तोच टायर अर्धा इंच रुंद रिमवर चढवला की साधारण ५ मिमीने फुगतो. आणि मित्राचे टायर अर्धे झिजलेले असतील तर तेही धरा, नव्या ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांच्या, टायरची नक्षी सहज १० मिमीच्या पुढे खोल असते, ती निम्मी झिजली की व्यास सेंटिमीटरभर कमी झालेला असतो.

फक्त डावीकडे घासण्याचं कारण मात्र बहुतेक अलाइनमेंटमध्ये सापडेल. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा नसेल तर एक चाक आर्चमध्ये काही मिलिमीटर मागे बसतं आणि तेच पहिलं लागतं. टेप घ्या, दोन्हीकडे हबच्या मध्यापासून आर्चच्या मागच्या कडेपर्यंत मोजा, फरक लगेच दिसेल. मग अलाइनमेंटवाल्याला सांगायचं की फक्त टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती ते) करून सोडू नकोस. खालच्या आर्मच्या बोल्टवर ॲडजस्टमेंटचे कॅम असतील तर त्याने चाक पुढे ढकलून द्यायचं, खालचा बॉल जॉइंट पुढे गेला की कॅस्टर वाढतो आणि चाकही पुढे सरकतं, दोन्ही आपल्या फायद्याचं. वरचा आर्म मागे ओढूनही कॅस्टर मिळतो, पण त्याने चाक पुढे येत नाही, झालंच तर किंचित मागे जातं. हे फार कमी जण विचारतात, आणि अलाइनमेंटवाला तर स्वतःहून कधीच सांगत नाही. डावा खालचा बुश, म्हणजे आर्मचा रबरी सांधा, गेलेला असेल तरी असंच होतं, तर अलाइनमेंटच्या आधी चाकाला पुढेमागे हिसका देऊन खेळ आहे का ते बघून घ्या.

प्रश्न: माझ्या गाडीत टायर आतल्या बाजूला, वरच्या कंट्रोल आर्मला लागतो. स्पेसर टाकले तर चालेल का? ऑफसेट म्हणजे नक्की काय ते पण सांगा, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: रिमच्या रुंदीच्या बरोब्बर मध्ये एक रेघ मारा. रिम हबवर जिथे टेकतं तो पृष्ठभाग त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला ३० मिमी असेल तर ऑफसेट अधिक ३०, रिमवर ईटी ३० असं कोरलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका लहान तितकं बाहेर. शून्याच्या खाली गेलं की बहुतेक वेळा चाक आर्चच्या बाहेर डोकावायला लागतं.

तुमचा हिशेब असा. २६५ चा टायर ईटी ३० वर असेल तर हबपासून आत १६२ मिमी आणि बाहेर १०२. त्याच रिमवर २८५ टाकला तर आत १७२. म्हणजे आर्मच्या आधी जी जागा होती त्यातली १० गेली, आणि कंपनीने तिथे दिलेली असते तीच जरा मोजूनमापून. ईटी १५ केलं तर आत १५७, बाहेर १२७, आर्म मोकळा झाला पण बाहेरची कड २५ मिमीने बाहेर सरकली आणि ती वरच्या उत्तरातल्या बॉडी माउंटकडे निघाली. म्हणून ऑफसेट गरजेपुरताच कमी करायचा. टायर आणि आर्ममध्ये दहा-बारा मिमी मोकळे राहिले की बास, रबर वेगात थोडं फुगतं आणि आर्मही वाकतो-हलतो, त्यापेक्षा कमी नको. चिखलातून जात असाल किंवा साखळ्या लावायच्या असतील तर ह्याहून जास्त जागा लागेल हे उघड आहे.

स्पेसर म्हणजे दुसऱ्या रस्त्याने ऑफसेटच कमी करणं, २५ चा स्पेसर लावला की ईटी ३० चं ईटी ५ झालं. काही देशांत स्पेसर सरळ बेकायदा आहेत, तुमच्याकडचा नियम आणि विम्याची अट आधी वाचा. लावायचेच असतील तर हबच्या गळ्यावर घट्ट बसणारे हबसेंट्रिकच घ्या, नट टॉर्क पान्ह्याने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा, नवीन रिम टाकलं तरी हे करायचंच. माझं स्वतःचं मत विचाराल तर स्पेसरऐवजी योग्य ऑफसेटचं रिम घ्यावं, खर्च एकदाच होतो आणि मध्ये एक जोड कमी राहतो. चाक बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर ताण वाढतो, स्टेअरिंगला खड्ड्याचे झटके जास्त येतात, हे दोन्हीत सारखंच.

प्रश्न: टायर टाकून झाले, सगळं छान, फक्त पार्किंगमधून रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की खर्रर असा आवाज येतो. पुढे जाताना येत नाही. कुठे घासतंय ते सापडत नाहीये.

उत्तर: रिव्हर्समध्येच येतो हीच मोठी खूण आहे. सस्पेन्शनचे बुश रबराचे, त्यामुळे चाक थोडं पुढेमागे हलतं. पुढे जाताना ब्रेक मारला की जमीन चाकाला मागे ढकलते, रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की पुढे. म्हणजे तुमचा टायर बहुतेक आर्चच्या पुढच्या भागात लागतोय, बंपरच्या आतल्या कोपऱ्याला किंवा लाइनरच्या पुढच्या तोंडाला, आणि तुम्ही इतके दिवस मागे शोधत असाल.

सापडवायचं कसं, तर लाइनर, बंपरचा कोपरा, शिवण, आर्म, सगळीकडे पांढरा खडू जाड फासा, मोकळ्या जागेत हळू रिव्हर्स घ्या, दोन्हीकडे फुल लॉक, मध्ये मध्ये ब्रेक मारा. जिथे खडू पुसला गेला तिथे लागतंय. टायरवरही बघा, घासलेल्या जागी रबर काळंभोर चकचकीत दिसतं. नंतर एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा मजबूत ठोकळ्यावर चढवा म्हणजे ते आत दाबलं जाईल, त्याच अवस्थेत हळूहळू दोन्हीकडे फुल लॉक करा, दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून बघायला सांगा, बोटं आत घालायची नाहीत. उभ्या गाडीत नुसतं स्टेअरिंग फिरवून केलेली टेस्ट ही टेस्टच नाही.

बंपरचा प्लास्टिकचा कोपरा असेल तर तो थोडा कापला की झालं, दहा मिनिटांचं काम.

प्रश्न: कापाकापी किती करायची आणि कुठे थांबायचं? गॅरेजवाला म्हणतो बॉडी माउंट कापून वेल्ड करून देतो, सगळेच करतात.

उत्तर: सगळेच करत नाहीत, आणि जे करतात त्यातले निम्मे त्याच्या आधीच्या सोप्या गोष्टी न करताच तिथे पोचतात. माझा क्रम सांगतो.

पहिल्यांदा मडफ्लॅप काढा, बऱ्याच वेळा आवाज तिथेच संपतो. मग लाइनर. लाइनरच्या मागे बऱ्यापैकी पोकळी असते, हीट गनने प्लास्टिक मऊ करून मागे दाबायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं, किंवा क्लिप काढून लाइनर मागे ओढून नवीन ठिकाणी बसवायचा. मात्र आधी लाइनर सोडवून मागे काय आहे ते डोळ्यांनी बघा, तिथे वॉशरची टाकी, वायरिंगचा जुडगा, काही गाड्यांत सेन्सर असतात, आंधळेपणाने गरम करायचं नाही. लाइनर पूर्ण काढून टाकायचा सल्ला पण मिळेल, तो ऐकू नका, मग टायरने उडवलेला चिखल आणि खडे सरळ पत्र्यावर आणि वायरिंगवर.

त्यानंतर पत्र्याची शिवण. ही उभी धार टायरला सुरीसारखी लागते, साइडवॉल कापू शकते, म्हणून प्लास्टिकला लागलेलं एक वेळ चालेल, हिला लागलेलं नाही. हातोड्याने ठोकून ती सपाट करून घेतात, ठीक आहे, पण ठोकल्यावर रंग तडकतो आणि सीलंट फुटतं, तिथे त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर, सीलंट आणि रंग लागलाच पाहिजे. हे विसरणारे लोक दोन पावसाळ्यांनी मला फोटो पाठवतात.

ह्यानंतरही लागत असेल तर कॅस्टर वाढवून चाक पुढे घ्या, ते वर सांगितलंय. काही गाड्यांत स्टेअरिंगचा लॉक थोडा आधी थांबवायची सोय असते, नकलला (हब धरणारा, चाकाबरोबर वळणारा भाग) स्टॉप बोल्ट असतो किंवा स्टेअरिंगच्या रॅकला मर्यादा घालणारे तुकडे मिळतात, त्याने गाडीला वळायला जागा जास्त लागेल पण काही कापावं लागत नाही.

आणि सगळ्यात शेवटी बॉडी माउंट. तो केबिनचा भार घेणारा भाग आहे, त्याचा कोपरा कापून वर जाड पट्टी वेल्ड करणं हे चांगल्या वेल्डरचं काम आहे, गाडीची बॅटरी सोडवून, आजूबाजूची वायरिंग आणि पाइप झाकून. नुसता कोपरा कापून उघडा सोडला तर पोकळ डब्याचं तोंड उघडं राहिलं, ताकद गेली आणि आत पाणी साचायला लागलं. विमा आणि गाडी तपासणीत ह्यावर प्रश्न येऊ शकतो. मला तर वाटतं माउंट कापायची वेळ आली म्हणजे टायर एक माप मोठा निवडलाय.

एका गोष्टीत मात्र थोडंसुद्धा चालवून घ्यायचं नाही, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर. टायर ह्यांना फुल लॉकला किंवा चाक खाली लटकलेलं असताना नुसता शिवत जरी असला तरी गाडी बाहेर काढू नका. लिफ्ट टाकली असेल तर होज ताणला जातोय का तेही चाक लटकवून बघा.

प्रश्न: २६५/६५ च्या जागी २८५/७० टाकल्यानंतर ॲव्हरेज कमी झालं आणि गाडी मरगळली. स्पीडोमीटर पण बरोबर दाखवत नाही असं जीपीएसवरून वाटतं.

उत्तर: तुम्ही टाकलेत तेवढे, म्हणजे ७७६ वरून ८३१, म्हणजे ७ टक्के. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आधी किलोमीटरला ४१० फेरे व्हायचे ते आता ३८३. मीटर फेरेच मोजतो, त्यामुळे मीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही १०७ च्या आसपास असता. कंपन्या मीटर मुळात थोडा जास्त दाखवणाराच ठेवतात, कारण युरोपातला आणि बऱ्याच देशांनी स्वीकारलेला नियम असा आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, म्हणून प्रत्यक्ष फरक ७ पेक्षा कमी जाणवेल, पण तो भरवसा धरून चालवू नका. ३ टक्क्यांपर्यंतचा बदल साधारण निभावतो, २६५/७० चा ३.४ आहे, सीमेवरच, त्याच्या वर गेलात तर मीटरचं कॅलिब्रेशन करून घ्या.

आणि ॲव्हरेजचं निम्मं रडगाणं इथेच आहे. किलोमीटरही ७ टक्के कमी मोजले जातायत, म्हणजे मीटरवर १०० झाले तेव्हा गाडी १०७ चाललीय, तुम्ही भागाकार १०० ने करताय. दुरुस्त करून बघा, काही घट तरीही राहील, कारण टायर जड आहे, नक्षी उघडी आहे आणि वाऱ्याला जास्त आडवा येतो. सर्व्हिसचंही तसंच, मीटरवर १०,००० म्हणजे खरे १०,७००, तेल जरा आधीच बदला.

मरगळ म्हणजे गिअरिंग. सगळे गिअर ७ टक्क्यांनी लांब झाले. घाटात एक गिअर खाली चालवा, ओझं ओढायचं असेल तर टॉप गिअरचा हट्ट सोडा. ब्रेकही थोडं आधी मारावं लागेल, जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो. डिफरन्शिअलचे गिअर बदलणं हा खरा इलाज, पण तो एवढ्या मापाला मी सुचवणार नाही.

प्रश्न: हौद्यात रोज माल असतो. मागचे टायर रिकाम्या गाडीत घासत नाहीत, भरल्यावर लागतात.

उत्तर: पाटे दबले की मागचं चाक वर येतं, आणि एकच बाजू उंचवट्यावर चढली तर तिरकं होऊन आतल्या बाजूलाही झुकतं, तिथे पत्रा असतो. मागे बहुतेक वेळा बंप स्टॉप थोडा उंच केला की काम होतं, पाटा कमी दबेल आणि टायर तिथपर्यंत पोचणार नाही, हादरा मात्र थोडा कडक लागेल. पाटे म्हातारे होऊन सपाट झाले असतील तर आधी ते.

पण तुमच्या बाबतीत मला घासण्यापेक्षा लोड इंडेक्सची काळजी आहे. टायरच्या मापापुढे ११२, ११६, १२१ असा आकडा असतो, ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०, १२१ म्हणजे १,४५०. नवीन टायरचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी चालणार नाही, दिसायला कितीही मोठा असला तरी. एलटी, म्हणजे लाइट ट्रक, जातीचा टायर घेतलात तर तेवढंच वजन उचलायला त्यात हवा जास्त भरावी लागते, दाराच्या खांबावर चिकटवलेला आकडा जुन्या टायरचा आहे, तो जसाच्या तसा वापरू नका, टायर कंपनीच्या तक्त्यात तुमचं वजन शोधून हवा ठरवा. कमी हवेत साइडवॉल फुगतो, फुगला की घासतो, तर कदाचित तुमचं अर्धं घासणं हवेतच असेल.

प्रश्न: चार टायर घेतले, स्टेपनी जुनीच ठेवली तर? आणि फक्त मागचे दोन मोठे टाकले तर पैसे वाचतील का?

उत्तर: दुसऱ्याचं आधी, फोर बाय फोर असेल तर अजिबात नाही. पुढचे-मागचे व्यास वेगळे असले की ४ एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, मधली ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, तो ताण खाते, आणि चिखलात घसरून तो सुटतो तसा कोरड्या रस्त्यावर सुटत नाही.

स्टेपनीचंही तेच, ७ टक्के लहान चाक मागच्या एक्सलवर लावून लांब गेलात तर डिफरन्शिअल सतत फिरत आणि तापत राहील, लॉकिंग डिफ असेल तर जास्तच. पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत, हळू, टू व्हील ड्राइव्हमध्ये, एवढंच. पाचवा टायर त्याच मापाचा घ्या. पण घ्यायच्या आधी गाडीखाली जाऊन स्टेपनीच्या जागेत टेप लावा, ८३१ चा टायर बऱ्याच पिकअपमध्ये हौद्याखाली जातच नाही, एक्झॉस्टला किंवा बंपरच्या आतल्या बाजूला अडतो, थोडी हवा काढून बसवणारे आहेत पण मग पंक्चरच्या वेळी कॉम्प्रेसर जवळ लागतो. २५५/७५ ची रुंदी कमी असल्याने त्याला तिथे जरा सोपं जातं.